टोपीतल्या चिठ्ठ्या ते शीट: आठ महिने, तीन सहली

आमचा गोल्फचा कंपू बारा जणांचा. निम्मे पणजी-मडगावचे, निम्मे पुण्या-बेळगावहून येणारे. सहल तीन दिवसांची, रोज चौघांचे तीन गट. दोन दिवस गोव्यातच काणकोणला राजबागच्या मैदानावर (होल नऊच, दोनदा फिरायचे) आणि मधला दिवस मोबोरला, बारा होल, सगळे पार-थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचे छोटे. ऑक्टोबरपर्यंत गट टोपीतल्या चिठ्ठ्यांनी पडायचे. मग मी गूगल शीट बनवली. तिच्यावर आता तीन सहली काढून झाल्या.

चिठ्ठ्यांवर माझा राग जुना. कुठलेही दोघे एका दिवशी एकाच गटात येण्याची शक्यता ११ मध्ये ३. जोड्या होतात ६६. हिशेब मांडला तर दर सहलीला सरासरी एकाहून जास्त जोड्या तिन्ही दिवस एकत्र अडकतात आणि पंचवीसेक जोड्यांची एकदाही गाठ पडत नाही. अडकणारे दर वेळी आमचे भाऊजीच कसे, हे मात्र गणितात बसत नाही.

शीटमध्ये बारा बाय बाराचा चौकोन आहे, कोण कोणाबरोबर किती वेळा खेळला याचा. एक छोटी स्क्रिप्ट नावं पिसत राहते आणि ज्यात जुन्या जोड्या कमीत कमी परत येतात ते गट ठेवते. शून्यावर येणं शक्यच नाही, हे मला बसल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशीचा कुठलाही गट घ्या, ते चौघे आदल्या दिवशीच्या तीनच गटांतून येणार. म्हणजे त्यांतले दोघे तरी कालचेच.

ऑक्टोबरात हसं झालं. शीटने पुनरावृत्ती सहावर आणली, ४८ जोड्या भेटल्या, मी खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या टीवर (जिथून पहिला फटका मारतात तिथे) भाऊजी आले, मोबाइलवर गट बघितले, मग शेजारी चार-चार वेळा हवेत स्टिक फिरवून मग बॉल मारणाऱ्या डॉक्टरांकडे बघितलं, आणि मला म्हणाले, "अरे, आमचं लग्न लावलंस काय?" सहाच्या सहा पुनरावृत्त्या तीनच जोड्यांच्या माथी मारल्या होत्या! शीटचं काही चुकलं नव्हतं, मी सांगितलं तेच तिने केलं.

जानेवारीत स्क्रिप्ट पुनरावृत्तीला लावते तो दंड बदलला. दुसऱ्यांदा एकत्र आले तर १, तिसऱ्यांदा आले तर आणखी ४. आता ४५ जोड्याच भेटतात, पण नऊ जोड्या दोनदा आणि तिनदा कुणीच नाही. तीन जोड्यांचं नुकसान मी आनंदाने सोसतो.

एप्रिलमध्ये हॅंडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) आत घेतले. यादी लावून तिघातिघांचे चार थर, प्रत्येक गटात थराथरातून एक. आम्ही स्टेबलफोर्ड खेळतो, म्हणजे दर होलला गुण, चौघांतले चांगले दोन स्कोअर धरून, हॅंडिकॅप ८५ टक्के. निकाल चुरशीचे लागले, शेवटच्या होलपर्यंत. पण थर असले की एका थरातले तिघे एकमेकांबरोबर खेळतच नाहीत, आणि वरच्या तिघांना नेमकं तेच हवं असतं. त्यांची कुरकूर अजून चालू आहे. मोबोरच्या दिवशी मी थर काढून टाकतो. तिथे ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची स्टिक) बॅगेतच राहतो, त्यामुळे लांब मारणाऱ्यांचा फायदा तसाही उरत नाही.

खरी पंचाईत एप्रिलच्या सहलीच्या आदल्या रात्री झाली. एकाचं पोट बिघडलं, उरले अकरा. शीटला अकरा कळत नाही. तिघांच्या गटाला चौथा स्कोअर नाही, म्हणजे दोन निवडायला वाव कमी. रात्री साडेअकराला हाताने गट पाडले आणि त्या गटाच्या रिकाम्या जागी बाकी अकरा जणांच्या गुणांची सरासरी धरली. त्यावर वाद झाला, पण जेवणापुरताच. हे शीटमध्ये घालायचं अजून राहिलंय.

बेळगावचे आणखी चौघे पुढच्या हंगामात येऊ म्हणतायत. सोळा झाले तर पाच दिवसांत प्रत्येकजण प्रत्येकाबरोबर बरोब्बर एकदा खेळतो, एकही पुनरावृत्ती नाही. ते वेळापत्रक मी तयारही ठेवलंय. भाऊजींनी विचारलं, पाच दिवसांची रजा कोण देणार, डॉक्टर?