रिशेप अडकला होता, डेटा दुकानात गेला

सांगलीत माझा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. लिनक्स मशीनवर ४ टीबीच्या ३ डिस्क रेड ५ मध्ये होत्या, म्हणजे तिन्ही मिळून एकच साठा (ॲरे), एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल असा. जागा संपत आली म्हणून चौथी डिस्क जोडून रिशेप, म्हणजे सगळा डेटा चार डिस्कवर नव्याने मांडण्याचं काम, सुरू केला. रात्री लाइट गेली, यूपीएसही टिकला नाही आणि सकाळी ॲरे 'इनॲक्टिव्ह' दिसू लागला. घाबरून चारही डिस्क पुण्याला एका डेटा रिकव्हरीवाल्याच्या दुकानात नेल्या.

"दोन डिस्कची हेड (आतला डेटा वाचणारा भाग) गेलीत, क्लीन रूममध्ये, म्हणजे धूळविरहित खोलीत, उघडाव्या लागतील," असं त्याने सांगितलं. ॲडव्हान्स २५ हजार. शिवाय एक फॉर्म: सर्वांत महत्त्वाचे फोल्डर कोणते? मी लिहिलं, कदम लग्न, पाटील हळद, आणखी सात-आठ. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर 'सापडलेल्या फोल्डरांची यादी' आली. कदम लग्न, पाटील हळद... जीव भांड्यात पडला. उरलेले ४० हजार त्याच रात्री पाठवले.

माझ्या डिस्कवर एकाही फोल्डरला आडनाव नाही. सगळे तारखेने ठेवलेले आहेत. त्याने माझाच फॉर्म मला परत पाठवला होता, आणि आनंदाच्या भरात मला ते दिसलं नाही.

पुढे आठवडाभर फोन उचलला नाही, मग 'डॅमेज जास्त आहे' म्हणून डिस्क कुरिअरने आल्या. मिरजेतल्या एका ओळखीच्या इंजिनिअर मुलाने त्या तपासल्या. "दादा, या कुणी उघडलेल्याच नाहीत." स्क्रूवरची लेबलं शाबूत, स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) एकही खराब सेक्टर नाही. मग त्याने एमडीॲडम या लिनक्सच्या रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रामने सुपरब्लॉक, म्हणजे प्रत्येक डिस्कवर असलेली ॲरेची माहिती, वाचला. ॲरेच्या निर्मितीची तारीख डिस्क दुकानात होत्या त्या दिवसांतली! दुकानवाल्यांनी मूळ डिस्कवरच 'क्रिएट' कमांड मारून नवा ॲरे बनवला होता आणि वर फाइल सिस्टिमची दुरुस्तीही चालवली होती.

हे का भयंकर आहे ते सांगतो. अर्धवट रिशेपमध्ये सुरुवातीचा भाग ४ डिस्कच्या नव्या मांडणीत असतो, उरलेला ३ डिस्कच्या जुन्या. काम कुठवर आलं याची नोंद सुपरब्लॉकमध्येच असते. ती शाबूत असताना ॲरे पुन्हा असेंबल केला (त्याच डिस्क जोडून सुरू केला) की बहुतेक वेळा रिशेप तिथूनच पुढे सुरू होतो. माझ्या डिस्क धड होत्या. 'क्रिएट'ने ती नोंदच पुसली, आणि दुरुस्तीने चुकीच्या मांडणीवर लिहून फोटोंची वाट लावली. त्या मुलाने डिस्कच्या कॉपी काढून तीन आठवडे खटपट केली. निम्म्याहून कमी फोटो हाती लागले, तेही बिननावाचे.

तुमच्या डिस्क अशा अडकल्या असतील तर मशीन बंद ठेवा. प्रत्येक डिस्कचा सिरीयल नंबर आणि क्रम लिहून फोटो काढा. आधी डीडीरेस्क्यू या कॉपी काढणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक डिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब कॉपी), मग जे काय करायचं ते इमेजवर. दुकानात 'मूळ डिस्कवर काही लिहिणार नाही' हे सहीशिक्क्यासह मागा. यादी नको, दोन-चार फोटो उघडून दाखवायला सांगा, आणि फोल्डरची नावं आपण होऊन देऊ नका.

सुपरब्लॉकच्या प्रिंट, व्हॉट्सॲपची यादी आणि फॉर्मची झेरॉक्स जोडून ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. कदमांच्या घरी मात्र मलाच जावं लागलं. त्यांच्या मुलीच्या सप्तपदीचा एकही फोटो उरलेला नाही.