गिनीपिगवरच्या पिसवा आणि सेलामेक्टिनचे थेंब : ५ महिन्यांनंतर

सेलामेक्टिन (पिसवा मारणारं, कातडीवर सोडायचं थेंबांचं औषध) जूनमध्ये सुरू केलं होतं, आता नोव्हेंबर चालू आहे, म्हणून आत्ता लिहितेय. आम्ही लालबागला चाळीत तळमजल्यावर राहतो, आमच्या दोन गिनीपिग, पेढा आणि बर्फी, यांचा पिंजरा खिडकीपाशी, आणि पावसात चाळीतली मांजरं त्याच खिडकीत येऊन बसतात. पिसवा तिथूनच आल्या, गिनीपिगवर बहुतेक वेळा मांजराचीच पिसू सापडते. आधी मला कोंडा वाटला. मग उवांच्या फणीने बर्फीची पाठ विंचरली तर काळे कण पडले, ते ओल्या टिश्यूवर ठेवल्यावर भोवती विटकरी लाल डाग पसरला. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. पोटात गोळा आला माझ्या.

दुकानदाराने कुत्र्यांचा फिप्रोनिलवाला (हे पिसवा मारायचं कीटकनाशक) स्प्रे काढून दिला, "थोडासाच मारा" म्हणे. प्लीज मारू नका, सशांचा त्याने जीव जाऊ शकतो आणि गिनीपिगवरही तो वापरू नये. आमच्या व्हेटनी दोघींचं वजन केलं, बर्फी ८७० ग्रॅम भरली, आणि त्या हिशोबाने सिरिंजमध्ये सेलामेक्टिन मोजून मानेमागे केस बाजूला करून थेट कातडीवर सोडलं. हे औषध मुळात कुत्र्या-मांजरांचं, त्यामुळे डोस घरी अंदाजाने काढायचा नाही म्हणजे नाही.

दोन दिवसांत पिंजऱ्यातल्या पांढऱ्या फ्लीसवर (अंथरायच्या मऊ कापडावर) मेलेल्या पिसवा दिसल्या. आणि तिसऱ्या आठवड्यात परत जिवंत! मला वाटलं पैसे वाया गेले, पण व्हेट म्हणाले अंगावर दिसतात त्या थोड्याच, अंडी, अळ्या, कोष सगळं घरात पडलेलं असतं, आणि कोषाला कुठलंच औषध धड लागत नाही, तो महिनोन्महिने तसाच राहतो. मग रोज व्हॅक्यूम, पलंगाखाली, सोफ्याच्या फटीत, कारण त्या हादऱ्याने पिसवा कोषातून बाहेर येतात आणि बाहेर आल्या की औषध त्यांना लागू पडतं. कचरा लगेच पिशवीत बांधून बाहेर. फ्लीस दर तीन दिवसांनी ६० डिग्रीवर धुतला, पावसात तो वाळता वाळत नव्हता म्हणून जादा चार घेतले. महिन्याला एक असे चार डोस झाले, खिडकीला जाळी बसवली.

औषधाला माझे पूर्ण मार्क, पण नुसत्या थेंबांवर भागलं नसतं. दिवाळीपासून फणीत एकही काळा कण नाही, बर्फीच्या टकलावर केस आलेत. फणी मात्र अजून दर रविवारी फिरवते.