म्हापशातलं डीटीपीचं दुकान आणि एसच्या नंतरचा अपॉस्ट्रॉफी

गोव्यातल्या म्हापसा मार्केटच्या मागच्या गल्लीत बॅनर, सर्टिफिकेटं, घराच्या नेमप्लेटी असं सगळं करणारं एक छोटं दुकान आहे, तिथला अनुभव मुद्दाम लिहितेय कारण इतकं मन लावून काम करणारी माणसं सहसा भेटत नाहीत. मी शाळेच्या पीटीएवर (पालक-शिक्षक संघावर) आहे, ५ सप्टेंबरसाठी बॅनर आणि तीस सर्टिफिकेटं हवी होती, मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला आणि टीचर्स डेमधला अपॉस्ट्रॉफी, म्हणजे इंग्रजीत अक्षराच्या वर देतात ते स्वल्पविरामासारखं चिन्ह, मी एसच्या आधी टाकला होता. थोड्या वेळाने कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीचा फोन, "मॅडम, एका टीचराचो दीस काय सगळ्या टीचरांचो?"

मी म्हटलं सगळ्यांचा. मग म्हणाली, आधी एस लावून अनेक टीचर करायचे आणि अपॉस्ट्रॉफी त्या एसच्या नंतर. आणि पुढे जे सांगितलं ते मला शाळेत कुणी असं सांगितलंच नव्हतं. मुलाचं आणि मुलांचं, यात फरक एका टिंबाचा, टिंब गेलं की दहा मुलांचं दप्तर एकट्या मुलाचं होतं, इंग्रजीत तेच काम अपॉस्ट्रॉफीची जागा करते. फक्त आपलं टिंब बोलताना कानाला कळतं, तिकडे एका बॉयचं असो नाहीतर सगळ्या बॉइजचं, उच्चार अगदी एकच, म्हणून लिहायला बसलं की गोंधळ.

मला लगेच गेल्या वर्षीचा १४ नोव्हेंबर आठवला, दुसऱ्या एका प्रेसमधून बॅनर केला होता आणि चिल्ड्रन्स डेमध्ये अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर छापून आला, स्टेजवर लावल्यावर इंग्रजीच्या बाईंनी दाखवलं, खूप वाईट वाटलं होतं. चिल्ड्रन हा शब्द मुळातच अनेकवचनी, विमेन आणि मेन पण तसेच, त्यांच्या अनेकवचनात एस नाहीच, म्हणून तिथे अपॉस्ट्रॉफी आधी आणि एस मागून. मदर्स डे मात्र एकवचनी, १९१४ मध्ये अमेरिकेत तो अधिकृत झाला आणि ज्यांनी तो सुरू केला त्या ॲना जार्विस यांचा आग्रहच होता की हा ज्याच्या त्याच्या एका आईचा दिवस, म्हणून अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी.

रोजच्या कामातलं म्हणजे रजेचा अर्ज. टू डेज लीव्ह लिहिताना डेजच्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी लागतो, कारण आपणही दोन दिवसांची रजाच म्हणतो, ‘सा’वर टिंब देऊन! मी इतकी वर्षं मुलाच्या वहीत तो न देताच लिहीत आले.

दुकानात नेमप्लेटींचे नमुने लावलेत ते नक्की बघा. डिसोझा कुटुंबाच्या घराच्या पाटीवर दोन अपॉस्ट्रॉफी आहेत, एक डीनंतरचा, तो आडनावाचाच भाग, त्याचा मालकीशी काही संबंध नाही, आणि दुसरा शेवटी, एसच्या नंतर, कारण घर सगळ्या कुटुंबाचं. फर्नांडिसांना तर आधी ईएस लावून अनेकवचन करायचं आणि मग अपॉस्ट्रॉफी, वाचायला लांबलचक वाटतं पण बरोबर तेच.

आता कामाबद्दल. बॅनरची प्रिंट स्वच्छ आली, अक्षरं कुठे फाटलेली नाहीत, सर्टिफिकेटचा मरून रंग मात्र स्क्रीनवर दिसला त्यापेक्षा गडद आला आणि डिलिव्हरी एक दिवस उशिरा मिळाली, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. रेट बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त आहे, मला तो पटला, कारण इथे मजकूर वाचून मगच छापतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

शुक्रवारी बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी जा. आणि नेमप्लेट करणार असाल तर घर कुणाकुणाचं ते आधीच ठरवून जा, ती पहिलं तेच विचारते.