एकच फाईल की ज्याचा-त्याचा मसुदा?

बेळगाव, खानापूर, निपाणी अशा तीन ठिकाणी बसून सीमाभागातल्या मराठी बोलीवर एकत्र लेख लिहायचा, तर दोन वाटा आहेत. प्रत्येकाने आपला भाग वर्डमध्ये लिहून मेल करायचा, किंवा सगळ्यांनी गूगल डॉक्समधल्या एकाच फाईलीत लिहायचं.

मेलची वाट सवयीची. कणकुंबी-जांबोटीकडे पावसात रेंज गेली तरी काम अडत नाही, आणि आपल्या मसुद्यावर निवांत विचार करता येतो. पण खरा त्रास फॉन्टचा. कुणी जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टात टाइप केलं की दुसऱ्याच्या संगणकावर नुसती चिन्हं दिसतात. 'काय करायलाईस?' हे बोलीतलं वाक्य असं मोडलं तर मूळ उच्चार कोणता, हे पुन्हा ज्यानं ऐकलं त्यालाच विचारावं लागतं. शिवाय 'अंतिम', 'अंतिम २' अशा फायली साचतात त्या वेगळ्याच.

एका फाईलीत हे टळतं. 'सुचवणी'ची सोय वापरली तर मूळ शब्द लगेच पुसला जात नाही; बदल कुणी सुचवला तेही दिसतं. बोलीच्या अभ्यासात हे फार मोलाचं आहे, कारण निपाणीचा माणूस खानापूरचं रूप 'चूक' समजून प्रमाण मराठीत बदलू शकतो. आवृत्ती-इतिहासातून जुना मजकूर परत आणता येतो. ऑफलाइन लिहायचं असेल तर तशी सोय आधी चालू करून ठेवावी लागते.

मी एकच फाईल निवडेन. पहिला कच्चा मसुदा मात्र ज्यानं त्यानं एकट्यानं लिहावा.