मालगुंडचा वाचन-मुक्काम : चार स्टार, एक खिडकीचा कापला

आधीच सांगतो, गाव आमचं चिपळूणजवळ, त्यामुळे कोकणातच जाऊन पैसे देऊन राहायचं हे आमच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही, "आपली कौलं गळतायत ती बघ आधी" हे ऐकूनच निघालो. मालगुंडला, म्हणजे गणपतीपुळ्याच्या अगदी शेजारी, एक रिटायर्ड इंग्रजीच्या बाई आणि त्यांचे मिस्टर राहत्या घरातल्या चार खोल्या देतात आणि पावसाळ्यात, टुरिस्ट नसतो तेव्हा, 'वाचन-मुक्काम' करतात. एक वीकेंड, एक कवी. दोन रात्री, जेवणखाण धरून माणशी ३२०० रुपये. घराला पाटी नाही, पाखाडी उतरून जायचं आणि कुणालाही "बाईंचं घर" विचारायचं, कुत्रं भुंकतं पण काही करत नाही.

आमच्या वेळचा कवी होता कोरियाचा, जंग जी-योंग. व्हॉट्सअॅपवर मेसेज आला होता "युद्धाने हिरावलेला कवी : जंग जी-योंग", बायकोला वाटलं जंग म्हणजे हिंदीतलं जंग, कुठल्या तरी लढाईचं नाव असेल. आडनाव निघालं ते. आणि माझी मुख्य तक्रार या मेसेजबद्दलच आहे, खोलीबद्दल नंतर बोलतो.

शनिवारी सकाळी पडवीत बसलो, आम्ही नऊ जण, पाऊस असा की बाईंचा आवाज ऐकायला खुर्च्या पुढे ओढाव्या लागल्या. पहिला दीड तास नुसतं युद्ध. कोरियन युद्ध २५ जून १९५० ला सुरू झालं, हा माणूस तेव्हा सोलमध्ये, ४८ वर्षांचा, त्या गोंधळात तो बेपत्ता झाला तो कायमचा. कुणी म्हणतं उत्तरेकडच्यांनी धरून नेलं आणि प्योंगयांगच्या तुरुंगात असताना बॉम्बहल्ल्यात गेला, कुणी म्हणतं नेताना वाटेतच विमानांच्या गोळीबारात. दक्षिणेतल्या सरकारने ठरवून टाकलं की हा आपणहून तिकडे गेला, आणि पुस्तकांवर बंदी. ती उठली थेट १९८८ मध्ये. मधल्या काळात त्याच्याबद्दल लिहायचंच झालं तर नावातलं मधलं अक्षर काढून तिथे गोल छापायचे, शाळेत 'रिकाम्या जागा भरा' असते ना तसं. आणि २००१ मध्ये दोन्ही कोरियांतल्या ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी झाल्या तेव्हा त्याचा एक मुलगा उत्तरेकडून सोलला आला, भावाला भेटला, तर तो वडील दक्षिणेतच असतील असं धरून चालला होता. म्हणजे अर्धं घर इकडे, अर्धं तिकडे, आणि ज्याला शोधतायत तो कुठेच नाही. हे ऐकून पडवीत सगळे गप्प.

मान्य आहे, हे सांगायलाच हवं. पण दीड तास? चहा झाला तरी माणूस मेलेलाच, कविता एक नाही. मला वाटायला लागलं की आपण श्रद्धांजली सभेला आलोय. मी हळूच म्हटलं, "बाई, पण त्याने लिहिलंय काय?" त्यावर बाईंनी चष्म्यावरून असं बघितलं की मी एकदम आठवीत गेलो. पण मग झेरॉक्स काढल्या आणि तिथून पुढचं सगळं वसूल.

हा जन्मला १९०२ मध्ये, ओक्चन नावाच्या गावी, शेतकी भाग. आईला म्हणे स्वप्नात तळ्यातून ड्रॅगन वर जाताना दिसला म्हणून लहानपणीचं नाव 'तळ्यातला ड्रॅगन'. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य, म्हणजे हा जपान्यांच्या राज्यात वाढला, शिकायला गेला जपानमध्येच क्योतोला, तिथे शिकला इंग्रजी साहित्य, प्रबंध इंग्रज कवी विल्यम ब्लेकवर, आणि कविता लिहिल्या कोरियनमध्ये. मग १९२९ मध्ये परत येऊन सोलमध्ये ज्या शाळेत शिकला त्याच शाळेत सोळा वर्षं इंग्रजीचा मास्तर. आधुनिक, मॉडर्निस्ट वगैरे जे म्हणतात ते हेच, जुन्या कवितेतली रडारड काढून टाकून वस्तू नेमकी डोळ्यासमोर ठेवायची. बाईंचं खरं प्रेम या मास्तरकीवर आहे हे लगेच कळलं, बंदी-बिंदी सांगताना एवढा चेहरा फुलला नव्हता.

आम्ही पहिली वाचली ती कविता 'ह्यांगसु', १९२७ मध्ये छापून आलेली. या शब्दाला मराठीत काय म्हणायचं यावर पाऊण तास गेला आणि तो पूर्ण मुक्कामातला बेस्ट पाऊण तास. एकीने मोबाइलवर बघितलं तर उत्तर आलं 'अत्तर'. हसलो सगळे, पण चूक नाही म्हणे, कोरियनमध्ये उच्चार तोच, अर्थ दोन. इथला अर्थ गाव अधिक दुःख. 'स्मरणरंजन' बाईंनीच खोडलं, पेपर तपासताना खोडतात तसं. 'घरची ओढ' जवळचं, पण त्यात दुखत नाही. शेवटी डोंबिवलीचे एक काका होते, ते म्हणाले, "गणपतीला रजा मिळत नाही आणि रात्री झोपताना आरती ऐकू येते, ते." बाईंनी तेच फळ्यावर लिहिलं. हो, फळा आहे पडवीत.

कवितेत काय आहे तर काही नाही. वाकडातिकडा ओहोळ जुन्या गोष्टी बडबडत जातो, ठिपक्यांचा बैल हंबरतो, शेगडीतली राख निवते आणि रिकाम्या शेतावर वाऱ्याचा आवाज घोडे दौडल्यासारखा, म्हातारा बाप पेंढ्याची उशी उभी करून डुलक्या काढतो, आणि बायको, दिसायला काही विशेष नाही, अनवाणी, पाठीवर ऊन घेऊन सांडलेली कणसं वेचते. आणि प्रत्येक कडव्यानंतर एकच ओळ, की ती जागा स्वप्नात तरी विसरली जाईल का. बायकोवरची ओळ वाचल्यावर माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं, "विशेष नाही म्हणे." पण उशीवाली ओळ मला लागली. आमचे बाबा ओटीवर पोत्याची वळकटी डोक्याखाली घेऊन असेच पडायचे, आणि मी ठाण्यात बसून कधी त्यांना फोन करायचो तर पावसाचं विचारायचो, दुसरं काही सुचायचंच नाही.

आता खोली. खोली स्वच्छ, गादी बरी, गरम पाणी बंबाचं आणि भरपूर. नेटवर्क फक्त विहिरीपाशी. जेवण शाकाहारी, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी मागाल तेवढी, मासे हवे असतील तर बाहेर जाऊन खा आणि परत येताना बोलू नका. सकाळचे घावन गार आले दोन्ही दिवस. पण पश्चिमेच्या खोलीला जुनी लाकडी खिडकी काढून अॅल्युमिनियमची काचेची स्लायडिंग बसवलीय, ती चार बोटं उरते, पूर्ण बंदच होत नाही, रात्रभर पावसाचे शिंतोडे आणि शिट्टी. मिस्टरांना सांगितलं तर म्हणाले "मिस्त्री येतो म्हणालाय." कधीपासून म्हणालाय ते विचारलं नाही.

त्याच रात्री दुसरी झेरॉक्स वाचली, ती मुद्दाम रात्री एकट्याने वाचा म्हणून दिली होती. 'काचेची खिडकी', १९३० ची. लहान मूल गेलंय त्याचं, आजाराने. कवितेत मूल हा शब्द नाही, रडणं नाही. बाप खिडकीशी उभा राहून काचेवर श्वास सोडतो, वाफेत काहीतरी पंख हलवल्यासारखं दिसतं, पुसतो, पलीकडे काळोख येऊन आपटतो, परत पुसतो. रात्री एकट्याने काच पुसत बसणं हे एकाकी आणि मोहवणारं असं दोन्ही एकदम म्हणतो तो. आणि शेवटी, तू रानपाखरासारखा उडून गेलास. बस. लाइट गेलेली, मी मोबाइलच्या उजेडात वाचत होतो आणि समोर तीच ती खिडकी, काच धुरकट झालेली, मी बोटाने पुसली. खरंच पुसली, उगाच लिहित नाहीये. मग बराच वेळ झोप नाही, शिट्टी चालूच.

म्हणून म्हणतो, बाई, तुमच्याकडे अशी कविता असताना जाहिरात युद्धाची कशाला? गेला तो युद्धात, पण काचेवरची वाफ त्याच्या वीस वर्षं आधीची आहे. मरण पुढे ठेवलं की माणूस प्रत्येक ओळीत तेच शोधत बसतो. (हे फीडबॅकच्या वहीत पण लिहिलंय.)

रविवारी सकाळी चालत केशवसुतांच्या स्मारकाला. जन्मघर नीट ठेवलंय, बाकी स्मारकाबद्दल सगळ्यांना माहीत आहे. इथे बाईंनी दोघांची तुलना केली ती मात्र ओढूनताणून वाटली नाही. हेही मास्तर, परक्याच्या राज्यात, इंग्रजी कविता वाचून सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं सॉनेट, मराठीत आणणारे, नोकरीसाठी गावोगाव, आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले, चाळिशीही नाही. त्यांची नैऋत्येकडच्या वाऱ्यावरची कविता वाचली, लांब कुठेतरी बसलेला माणूस त्या वाऱ्याला ओळखतो कारण तो त्याच्या गावावरून आलाय. ती वाचताना तोच वारा छत्र्या उलट्या करत होता. डोंबिवलीच्या काकांची छत्री गेली.

बाकी किरकोळ. झेरॉक्स फिकट आहेत, चष्मा विसरू नका. पैसे रोख न्या, विहिरीपाशी उभं राहून पावसात जीपे करणं जमत नाही. लहान मुलं आणू नका, कंटाळतील. निवळी फाट्यावरून येताना रस्ता अजून खराब आहे, रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे या, थोडं लांब पडलं तरी. पुढचा कवी कोण ते बाई पंधरा दिवस आधी कळवतात.

आणि खोली विचारलीच तर पश्चिमेची सांगा. मिस्त्री यायच्या आत.