कोच हवा की मेंटॉर?

पहिल्यांदाच दहा-पंधरा माणसांची जबाबदारी अंगावर आली की कुणाचा तरी आधार घ्यावासा वाटतो. मग कोणी सांगतं कोच धर, कोणी सांगतं मेंटॉर शोध. दोन्ही एकच समजून निर्णय घेतला, तर पैसा आणि वर्ष दोन्ही वाया जातं.

मेंटॉर त्या वाटेने स्वतः गेलेला असतो. प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरेन बफेट कोलंबिया विद्यापीठात बेंजामिन ग्रॅहम यांच्याकडे शिकले आणि १९५४ पासून दोन वर्षं त्यांच्याच फर्ममध्ये राबले. कंपनीची किंमत कशी जोखायची हे ग्रॅहम यांना येत होतं, बफेट यांना तेच हवं होतं. जे येत नाही ते येणाऱ्याकडून शिकायचं, इतका सरळ हा व्यवहार.

कोच सहसा उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो. जॉन व्हिटमोर यांच्यामुळे गाजलेली ‘ग्रो’ पद्धत ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार या चार पायऱ्यांची. चारही ठिकाणी बोलायचं तुम्हीच. म्हणून तुमचा धंदा कोचला ठाऊक नसला तरी चालतं. गूगलचे तेव्हाचे सीईओ एरिक श्मिट यांचे कोच बिल कॅम्पबेल हे मुळात अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक. अर्थात ते पुढे इंट्युइट या सॉफ्टवेअर कंपनीचे सीईओही झाले होते. दोन्ही भूमिका पेलणारा असा माणूस क्वचितच भेटतो.

माझ्या बाबतीत फरक एका संभाषणात उलगडला. वयाने मोठ्या सहकाऱ्याला त्याच्या रखडलेल्या कामाबद्दल स्पष्ट बोलायचं होतं. माझ्या मेंटॉरनी सांगितलं, “शुक्रवारी संध्याकाळी नको, त्याची सुट्टी खराब होईल. बुधवारी बोल, आणि दुसऱ्या वाक्यात मुद्द्यावर ये.” सल्ला अस्सल होता. तरी तीन बुधवार तसेच गेले. कोचने एवढंच विचारलं, “बोललात तर काय होईल?” “त्यांना वाईट वाटेल.” “आणि मग?” बराच वेळ मी गप्प होतो. मग तोंडून निघालं, “मी त्यांचा साहेब आहे हे मलाच अजून पटलेलं नाही.” चौथ्या बुधवारी बोललो.

म्हणून माझं मत असं: काय करायचं हे कळत नसेल तर मेंटॉर, कळतंय पण हातून होत नसेल तर कोच. पहिल्यांदाच धंदा उभा करत असाल तर मी बेधडक मेंटॉर म्हणेन. तिथे अडचण बहुतेक वेळा माहितीचीच असते.

मेंटॉर बहुधा पैसे घेत नाही, पण त्याच्या वेळेवर तुमचा हक्कही नसतो. शिवाय त्याचा अनुभव त्याच्या काळातला असतो, हे विसरू नये. थेट वरिष्ठाला मात्र मेंटॉर करू नका. जो तुमचं मूल्यमापन लिहितो त्याच्यापुढे भीती कबूल करणं अवघड जातं.

कोच निवडताना जास्त सावध राहायला हवं, कारण ही पाटी कोणीही लावू शकतो. १९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या प्रमाणपत्रांना कोचिंगच्या तासांची अट आहे: पहिल्या पातळीला १००, दुसरीला ५००, सर्वोच्च पातळीला २,५००. तास जरूर विचारा. आणि फी कंपनी भरणार असेल, तर कंपनीला फक्त ठरलेली उद्दिष्टं कळतील, खोलीतलं बोलणं नाही, हे पहिल्या बैठकीआधी तिघांनी लेखी ठरवून घ्या.