सेक की टॅट? प्रथिन पेरिप्लाझममध्ये कोणत्या वाटेने धाडावं

ई. कोलाय या जिवाणूमध्ये प्रथिन तयार करून पेरिप्लाझममध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधल्या जागेत, धाडायचं असेल, तर सेक आणि टॅट अशा दोन वाटा आहेत. प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वलय) निवडण्याआधी एवढंच ठरवा: प्रथिनाची घडी कुठे पडायला हवी, पटलाच्या आत की पलीकडे?

सेकच्या वाटेने प्रथिन उलगडलेलंच जातं. सेकवाय, सेकई, सेकजी या जनुकांची प्रथिनं आतल्या पटलात अरुंद वाट उभी करतात आणि सेकए एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून साखळी पुढे ढकलतं, सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तशी. पलीकडे डीएसबीए हे एन्झाइम डायसल्फाइड बंध (घडी पक्की करणारे गंधकाचे दुवे) जोडतं, चुकलेला बंध डीएसबीसी बदलून देतं. अँटिबॉडीच्या तुकड्यांना म्हणूनच ही वाट मानवते.

टॅटचं उलट. टॅटए, टॅटबी, टॅटसी मिळून घडी पडलेलं प्रथिन जसंच्या तसं पार करतात, तेही एटीपीशिवाय, पटलावरच्या प्रोटॉनच्या जोरावर. प्रथिनाच्या सुरुवातीला वाट ठरवणारा छोटा तुकडा असतो, तो सिग्नल; त्यात लागोपाठ दोन आर्जिनिन ही टॅटची खूण. टॉरएसारख्या एन्झाइममध्ये मॉलिब्डेनमचा सहघटक पेशीद्रवातच बसतो, त्याला दुसरी वाट नाही. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या साध्या प्रथिनावर हा फरक डोळ्यांनी दिसतो: सेकने पाठवलं तर ते पलीकडे चमकत नाही, टॉरएच्या सिग्नलने पाठवलं तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या कडेने हिरवी किनार उमटते. पण टॅटचा वेग कमी आणि क्षमताही बेताची. शिवाय डायसल्फाइड बंध हवे असतील तर ते आधी पेशीद्रवातच जुळावे लागतात. त्यासाठी तिथे असे बंध टिकू न देणारी टीआरएक्सबी आणि गॉर ही जनुकं निकामी केलेला स्ट्रेन (जिवाणूचा वाण) घ्यावा लागतो.

माझं मत विचाराल तर सुरुवात सेकनेच करा. पीईटी-२२बी प्लाझ्मिडमध्ये पेलबीचा सिग्नल तयारच असतो. घडी फार झटपट पडत असेल तर टॅटकडे वळण्याआधी डीएसबीएचा सिग्नल लावून पाहा. तो एसआरपी या वाहक कणामार्फत साखळी तयार होत असतानाच तिला सेकच्या वाटेशी नेतो. झटपट घडी पडणारं थायोरेडॉक्सिन हे प्रथिन फोएच्या (अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमच्या) सिग्नलने नीट जात नाही, डीएसबीएच्या सिग्नलने जातं. सहघटक आतच बसवायचा असेल, तर मात्र थेट टॅट.

(प्रथिन पेशीबाहेर, वाढीच्या माध्यमातच हवं असेल तर दोन्ही वाटा अपुऱ्या, बाहेरचं पटल नसलेल्या बॅसिलस सबटिलिसचा विचार करा.)

वाट कोणतीही घ्या, पहिल्या इंडक्शननंतर (प्रथिननिर्मिती सुरू केल्यावर) प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणारं जेल नीट पाहा. सिग्नल कापला गेला की पट्टा साधारण दोन-तीन किलोडाल्टनने खाली सरकतो. वरचा पट्टाच गडद असेल तर प्रथिन पटलापाशी अडून राहिलंय. अशा वेळी सिग्नल बदलायच्या आधी आयपीटीजी (निर्मिती सुरू करणारं रसायन) कमी करा आणि तापमान ३७ वरून २५ अंशांवर आणा.